गुण्यामास्तरांची सिद्धता

गुण्यामास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. स्वतःच्या शिकण्याच्या बाबतीतही आनंदच होता. शालान्त परीक्षेला ते एकदाच बसले, भूमितीत आपटले आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कारखान्यात करवत घेऊन उभे राहिले. त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती. ते लाकडी जिने बनवायचे. काटकोन तपासायचा गुण्या, म्हणजे लाकडी मुठीत काटकोनात बसवलेलं पोलादी पातं, त्यांच्या पॅन्टच्या मागच्या खिशात कायम खोचलेला असे, म्हणून गुण्या. आणि हातात कसब होतं, म्हणून मास्तर.

गुण्या खिशात ठेवून माणूस गप्प बसला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण मास्तर कुणाच्याही घरी गेले की चहाचा कप हातात यायच्या आत त्यांचा गुण्या दाराच्या चौकटीला टेकलेला असे. "सूतभर बाहेर आहे," ते यजमानांना अगदी प्रेमाने सांगत. यजमानांना तोवर आपली चौकट सरळ वाटत आलेली असे आणि त्यानंतर ती कधीच सरळ वाटत नसे. मास्तरांची बायको टपालकचेरीत पत्रं वेगळी करण्याचं काम करायची. ती म्हणायची, "ह्यांना घेऊन कुठे जायचं म्हणजे पंचाईत. लोक बोलावतात जेवायला आणि हे करून येतात पंचनामा."

जिने बांधणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य गुडघ्यांवर जातं. पायरी बसवताना गुडघा, कठड्याचे गज ठोकताना गुडघा, शेवटचा हात फिरवताना पुन्हा गुडघा. एक्कावन्नाव्या वर्षी मास्तरांचे गुडघे बोलायला लागले आणि हाडांच्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, "आता गुडघे टेकणं बंद. असंच चालू ठेवलंत तर दोन वर्षांत स्वतःच्याच जिन्यावर चढता येणार नाही." त्याच महिन्यात गावातल्या तांत्रिक शाळेचे मुख्याध्यापक कारखान्यात आले. त्यांच्याकडचे सुतारकामाचे शिक्षक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. मुख्याध्यापकांनी नव्या जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जागा तुमचीच समजा. फक्त शालान्त पास झाल्याचा दाखला जोडा."

काम उभ्याने करायचं होतं आणि लाकडाचंच होतं. मास्तरांना ते मनापासून हवं होतं. ते मिळालं नाही तर दुसरी सोय मेव्हण्याने करून ठेवली होतीच: त्याच्या फरशांच्या दुकानात काउंटरमागे बसायचं आणि गिऱ्हाइकांना पिवळी की करडी ते विचारायचं. लाकडाच्या माणसाने उरलेलं आयुष्य फरशा विकण्यात काढायचं, या विचाराने मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. मेव्हणा भला माणूस होता, त्याने खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती.

दाखला मिळवायचा तर परीक्षा द्यायला हवी आणि परीक्षेसाठी संध्याकाळचा मोठ्यांचा वर्ग लावायला हवा. त्या वर्गावर गणित शिकवायला होती मास्तरांची मुलगी. वय सत्तावीस, अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. दिवसा ती शाळेतल्या मुलांना शिकवायची आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच शाळेच्या पहिल्या मजल्यावर, तसल्याच बुटक्या बाकांवर पंधरा मोठी माणसं बसवून त्यांना शिकवायची. वर्गात एक बेकरीवाले होते, बस चालवणाऱ्या एक बाई होत्या, आणि आता वडील.

तिने पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं. "वर्गात मी तुमची मुलगी नाही. तीन चाचण्या घेईन. शेवटच्या चाचणीत पन्नासपैकी वीस मिळाले तरच परीक्षेला नाव पाठवीन. एकोणीस मिळाले तर नाही पाठवणार, बाबा. आधीच सांगते."

"मला कुठे वशिला हवाय?" मास्तर म्हणाले. "आणि तोही कोनांच्या बाबतीत? अगं, मी झोपेतसुद्धा कोन सांगेन."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि बटाट्याचं भांडं दोघांच्या मधोमध सरकवलं. तिला या घरात पुढचे सहा महिने कसे जाणार ते तेवढ्यात दिसलं असावं.

पहिल्या चाचणीत मास्तरांना नऊ मिळाले. नऊ म्हणजे पन्नासपैकी, आणि तेही बहुतेक सुंदर आकृत्यांसाठी. मोठा प्रश्न होता तो समांतर रेषांचा. दोन समांतर रेषा आणि त्या दोघींना तिरकी कापत जाणारी तिसरी, तिला छेदिका म्हणतात. दोन रेषांच्या मधल्या भागात, छेदिकेच्या एका अंगाला वरचा आणि दुसऱ्या अंगाला खालचा, असे जे दोन कोन एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात ते व्युत्क्रम कोन. ते समान असतात हे सिद्ध करा, असा प्रश्न होता. मास्तरांनी कोनमापक काढला, एक डोळा मिटला, दोन्ही कोन मोजले आणि उत्तर लिहिलं: "दोन्ही कोन मोजले. दोन्ही त्रेसष्ट अंश भरले. शंका असल्यास बाईंनी मोजून पाहावे." समोर लाल शाईत शून्य होतं.

"बाई," मास्तर वर्गात उभे राहिले. वर्गात ते तिला बाई म्हणत आणि ती त्यांना काका म्हणे. हा तिचाच नियम. "उत्तर बरोबर आहे की."

"कोन समान आहेत हे प्रश्नातच सांगितलंय, काका. ते का समान आहेत, ते विचारलंय."

"मोजलं ना पण मी."

"ही आकृती मोजलीत. शेजारच्या वहीतली?"

"तीही मोजीन."

"आणि जी अजून कुणी काढलेलीच नाही ती?"

मास्तरांनी जरा विचार केला. "काढू दे की त्यांना आधी," ते म्हणाले. "मग बोलवा मला. लगेच येतो."

सगळा वर्ग हसला. बसवाल्या बाईंना तर हसताना ठसका लागला. मुलगीही हसली असती, पण तिने खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड केलं. तिच्या पाठीवरून मास्तरांना कळलं की ती रागावली आहे. सत्तावीस वर्षं पाहिलेली पाठ होती ती.

घरी आल्यावर मात्र मास्तरांनी तोफ डागली. "मला एक सांग. आम्ही कारखान्यात दोन पट्ट्या समांतर करतो त्या कशा करतो? दोन्हीकडे कोन सारखा ठेवून. कोन सारखे म्हणून पट्ट्या समांतर. आता तू मलाच विचारतेस की पट्ट्या समांतर आहेत तर कोन सारखे का. हे म्हणजे मी माझ्या आईला विचारायचं, की मी तुझा मुलगा आहे तर तू माझी आई का."

"तुम्ही उलट्या बाजूने येताय, बाबा. तुम्ही कोनाकडून रेषेकडे येता. मी रेषेकडून कोनाकडे जायला सांगतेय. ते दोन वेगळे रस्ते आहेत."

"रस्ता एकच. जाणं आणि येणं."

"एकेरी रस्ते पण असतात," बायको मधेच म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली. तिला भूमिती येत नव्हती, पण टपाल कुठून कुठे जातं ते येत होतं.

मग मास्तरांनी दुसरा उपाय केला. त्यांनी अख्खी सिद्धता पाठ केली. सकाळी दाढी करताना म्हणायचे, रंधा मारताना म्हणायचे, बायको घरात नसताना मोठ्याने म्हणायचे. आधी पक्ष लिहायचा, म्हणजे जे दिलेलं आहे ते. मग साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते. मग पायऱ्या, एकीखाली एक, आणि प्रत्येक पायरीसमोर कारण. पायऱ्या म्हटल्यावर मास्तरांना जरा बरं वाटायचं. पण दुसऱ्या चाचणीत मुलीने आकृतीतली अक्षरं बदलली होती. मास्तरांनी डोळे मिटून पाठ केलेलं सगळं उतरवून काढलं आणि चौदा गुण घेऊन घरी आले. सिद्धतेखाली शेरा होता: "सिद्धता सुंदर आहे. या आकृतीची नाही."

त्या रात्रीपासून मास्तर घरात मुलीशी मोजकंच बोलायला लागले. मीठ दे, दार लाव, एवढंच. मेव्हण्याचा फोन आला की मात्र भरभरून बोलत, करड्या फरशीवर डाग दिसतात का वगैरे विचारत. घोडं अडलं होतं आणि आता पेंड खाण्याचंही त्याचं मन नव्हतं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. खाली दवाखाना, वर घर आणि मधे जुना जिना. पायऱ्या आणि कठडा नवा हवा होता, फक्त कठड्याची वरची पट्टी जुनीच ठेवायची होती. तिच्यावरून हात सरकवत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. पट्टी खरोखर देखणी होती, शिसवी आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मास्तर म्हणाले, काही अडचण नाही.

कठड्याचं काम समजायला सोपं आहे. जिन्याबरोबर तिरकी जाणारी एक पट्टी खाली, तशीच एक वर आणि मधे उभे गज. गज सरळ उभा, पट्ट्या तिरक्या, म्हणून गजाची दोन्ही टोकं तिरकी कापावी लागतात. मास्तरांची पद्धत वडिलांपासूनची. तिरका गुण्या, म्हणजे ज्याचं पातं हव्या त्या कोनात घट्ट करता येतं तो, फक्त खालच्या पट्टीला लावायचा. एकदाच. तोच कोन वरच्या टोकाला. शिवाय लांब दांड्यातून गज कापताना एका गजाचं वरचं टोक कापलं की त्याच कापाने पुढच्या गजाचं खालचं टोक तयार होतं. एक काप, दोन टोकं. पस्तीस वर्षांत या पद्धतीने कधी दगा दिला नव्हता. मास्तरांनी कारखान्यात एकतीस गज कापले, घासले, मेण लावून चकचकीत केले आणि डॉक्टरीणबाईंच्या घरी नेऊन बसवायला घेतले.

पहिला गज झकास बसला. पाचवा बसला, पण वर जरा हलला. दहाव्याच्या डोक्यावरून पोस्टकार्ड आरपार जाऊ लागलं. विसाव्याला मास्तरांनी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसून पाहिलं, तर गजाचं टोक आणि पट्टी यांच्यात उजेडाची एक पाचर दिसत होती, एकीकडे बारीक आणि दुसरीकडे रुंद. एकतिसावा गज तर पट्टीपर्यंत पोहोचलाच नाही. दोन बोटं खाली हात चोळत उभा राहिला. मास्तरांनी आधी करवतीला दोष दिला, मग लाकडाला, मग हवेला. मग त्यांनी सुतळी काढून वरच्या आणि खालच्या पट्टीतलं अंतर जिन्याच्या पायथ्याशी मोजलं आणि माथ्याशी मोजलं. अंतर सारखं नव्हतं. जुनी पट्टी जिन्याहून जरा जास्तच उताराने लावलेली होती, खाली वेळेवर निघून वर गेल्यावर थोडी पुढे गेलेली.

"दातांचंही असंच असतं," डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "एकाच्या मापावर दुसरा बसवता येत नाही." त्या खरोखर समजूत घालत होत्या.

त्या दिवशी मास्तर जेवणाच्या टेबलावर स्वतःहून बोलले. सगळं सांगितलं, गज, पट्टी, पोस्टकार्ड. "कधी नव्हे ते एकतीसच्या एकतीस वाया गेले. कोन मी बरोबर घेतला होता गं. सूतभर इकडचा तिकडे नाही. दोन्ही टोकं सारखी कापली. मग चुकलं कुठे?"

मुलीने घास खाली ठेवला. तिला टोमणा मारता आला असता, आणि मारला असता तर मास्तरांनी पुन्हा पंधरा दिवस मीठच मागितलं असतं. पण तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, दोन्ही पट्ट्या समांतर आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? कठड्याच्या पट्ट्या समांतरच असतात."

"तुम्ही लावता तेव्हा असतात. कारण तुम्ही तशा लावता."

पस्तीस वर्षं दोन्ही पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या. समांतर असणं हे त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं होतं, इतक्या वेळा की ते दिलेलं आहे हेच विसरायला झालं होतं. या वेळी ते कुणी दिलेलं नव्हतं. आणि त्यांनी एका टोकाचा कोन घेऊन खुशाल दुसऱ्या टोकावर लादला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात गेले, पण यंत्र सुरू केलं नाही. एका फळीवर खडूने दोन समांतर रेषा काढल्या आणि एक छेदिका. वरच्या रेषेच्या खाली, छेदिकेच्या डाव्या अंगाला एक कोन. खालच्या रेषेच्या वर, उजव्या अंगाला दुसरा. हे दोघे समान आहेत म्हणे. कोनमापक त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता. डावीकडच्या कोनासमोर, त्याच छेदनबिंदूच्या पलीकडे, वर उजवीकडे एक तिसरा कोन होता. कात्रीची दोन पाती उघडली की मुठीही तेवढ्याच उघडतात, तसा तो त्याच्याएवढाच. विरुद्ध कोन. आणि हा वर उजवीकडचा कोन खालच्या रेषेवर जसाच्या तसा उतरला की जिथे बसतो तोच नेमका दुसरा कोन. संगत कोन. ते समान असतात, कारण रेषा समांतर आहेत, कारण तसं दिलेलं आहे. म्हणून पहिला तिसऱ्याएवढा, तिसरा दुसऱ्याएवढा, म्हणून पहिला दुसऱ्याएवढा.

मास्तर फळीकडे पाहत राहिले. काहीही मोजलं नव्हतं. त्रेसष्ट अंश असोत की सत्तर, जिना या गावातला असो की अजून कुणी बांधायचा असो, ते कोन समान निघणारच होते. आणि एवढा सगळा डोलारा उभा होता तो पक्षातल्या एका ओळीवर. ती ओळ काढली की उजेडाची पाचर. त्यांना एकट्यालाच हसू आलं आणि मग उगाच भरूनही आलं. सोळाव्या वर्षी हे कुणी अशा तऱ्हेने कानाशी सांगितलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी एकतीस गज नव्याने कापले, वरच्या आणि खालच्या टोकाचा कोन वेगवेगळा घेऊन आणि प्रत्येकाची लांबी जागेवर मोजून. त्याला पाच दिवस लागले.

त्यानंतरच्या वर्गांत मास्तर उपद्रवच झाले. बेकरीवाले फळ्यापाशी जाऊन काही लिहायला लागले की मागच्या बाकावरून विचारणा होई, "हे दिलंय का? पक्षात काय दिलंय ते आधी सांगा." मुलगी तोंड लपवून हसायची. घरी मीठ मागणं संपून गप्पा सुरू झाल्या.

तिसरी आणि शेवटची चाचणी गुरुवारी होती. मुलीने प्रश्नपत्रिका वाटल्या आणि नेहमीचा नियम सांगितला: चाचणी सुरू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, प्रश्न वाचून समजणं हाही परीक्षेचा भाग आहे. मास्तरांनी चौथा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो आठ गुणांचा होता आणि त्यांच्या अगदी आवडीचा दिसत होता. बाकीचं सोडवून झाल्यावर त्यांनी मनाशी हिशेब केला. पंधरा मिळतील, फार तर सोळा. चौथा सुटला की गंगेत घोडं न्हालं.

त्यांनी प्रश्न वाचला. आकृतीत दोन रेषांना एक छेदिका छेदते. व्युत्क्रम कोन समान आहेत हे सिद्ध करा. त्यांनी "पक्ष" असा शब्द लिहिला, पुढे दोन टिंबं दिली आणि थांबले. प्रश्न पुन्हा वाचला. रेषा समांतर आहेत असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. आकृतीत रेषांवर समांतरपणाच्या खुणेचे बाणही नव्हते. दिसत होत्या त्या अगदी समांतर, डॉक्टरीणबाईंची पट्टी दिसत होती तशा.

मास्तरांनी मान वर केली. चौदा पेनं भराभर चालली होती. मुलगी खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. तिने हे मुद्दाम केलं असेल का? आपल्याला अडकवायला? की आठवडाभर दिवसाची शाळा आणि संध्याकाळचा वर्ग करून थकलेल्या पोरीच्या हातून एक ओळ गळली असेल? मुद्दाम असेल तर सिद्धता लिहिणाऱ्याला शून्य. चुकून असेल तर न लिहिणाऱ्याला शून्य. विचारायची सोय नव्हती. आणि चुकून असलं तर सगळ्या वर्गासमोर ते बोलून दाखवणं त्यांना जमलं नसतं. सिद्धता त्यांना आता खरोखर येत होती. चार मिनिटांचं काम होतं. मुकाट्याने लिहावी, वीस पार करावेत, नाव पुढे जाऊ द्यावं. कुणाला काय कळणार होतं? त्यांनी पेन टेकवलंसुद्धा. मग उचललं. मग मेव्हण्याने घेऊन ठेवलेली ती खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि पेन पुन्हा टेकलं. असं करता करता वीस मिनिटं गेली आणि मुलगी म्हणाली, "शेवटची दोन मिनिटं."

तेव्हा मास्तरांनी घाईघाईने लिहिलं: "रेषा समांतर आहेत असे दिलेले नाही. म्हणून कोन समान आहेत हे सिद्ध करता येत नाही. आकृतीत समांतर दिसतात, पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नये." पुढे "समांतर असत्या तर" असं लिहायला घेतलं, तोवर पेपर ओढला गेला होता.

शनिवारपर्यंत घरात कुणी चाचणीचं नाव काढलं नाही. मुलगी पेपर शाळेतच तपासत होती. मास्तरांनी घरातली तीन कपाटं, जी आधीच दुरुस्त होती, ती दुरुस्त केली. बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहून काय ते ओळखलं आणि भावाला फोन करून सांगितलं की खुर्चीवर एक उशी ठेव, ह्यांची पाठ दुखते.

शनिवारी संध्याकाळी मुलीने पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, पण वाटला नाही. तिने फळ्यावर चौथी आकृती काढली. "या प्रश्नात चूक आहे," ती म्हणाली. "रेषा समांतर आहेत हे लिहायचं राहिलं. चूक माझी. चौदा जणांनी हे सिद्ध करून दाखवलंय, आणि मी त्यातले सहा पेपर बरोबर म्हणून तपासलेसुद्धा, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. सातवा पेपर वाचला तेव्हा कळलं." तिने एक पेपर उचलला आणि मास्तरांच्या तीन ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या. "याला आठपैकी आठ. बाकीच्यांनी सोमवारी हा प्रश्न पुन्हा लिहायचा."

बेकरीवाले वळून मास्तरांकडे बघायला लागले. बसवाल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सहा महिने डोकं खाल्लंत ते बरंच झालं म्हणायचं." मास्तरांना वर बघवेना. ते बाकावरच्या एका जुन्या ओरखड्यावर बोट फिरवत बसले, आणि सोळाव्या वर्षी निकालाच्या दिवशी जे रडू गिळलं होतं ते आता भलत्याच वेळी येऊ बघत होतं. एकूण तेवीस झाले होते. नाव परीक्षेला जाणार होतं.

वर्ग सुटल्यावर बापलेक पायीच घरी निघाले. मास्तरांच्या गुडघ्यांसाठी मुलगी हळू चालत होती. वळणावरच्या औषधांच्या दुकानापाशी ती थांबली.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला ती सिद्धता येत होती. लिहून का नाही टाकलीत? मला कळलंसुद्धा नसतं. या उत्तराला शून्य मिळालं असतं तर नाव गेलं नसतं, आणि मी खरंच पाठवलं नसतं."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पण सहा महिने तू घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगत होतीस, की जे दिलेलं नाही ते धरायचं नाही. आणि मी ते धरून पास झालो असतो, तर मग तू काय शिकवलंस? मी नापास झालो असतो तर चाललं असतं गं. सवय आहे मला. तू नापास झालेली मला नसती चालली."

मुलीने त्यांचा हात धरला. घर येईपर्यंत तिने तो सोडला नाही.